वेचणीचे दिवस आणि दहावीची लेकरं

आपल्या उमरखेड तालुक्यात दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो, वेचायला माणूस मिळत नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत नववी-दहावीतली मुलगी शेतात दिसते. "चार दिवसांनी काय बिघडतं?" असं आपण म्हणतो. काय बिघडतं ते पाहू.

दहावीच्या विषयाला 100 गुण असतात. त्यातले 80 लेखी परीक्षेचे. उरलेले 20 शाळा देते, तोंडी परीक्षा, विज्ञानाचे प्रयोग, स्वाध्याय यांवर. सहा विषयांचे हे 120 गुण झाले. रोज शाळेत जाणाऱ्या लेकराला ते अवघड नाहीत. पण प्रयोगाच्या दिवशी पोरगी पऱ्हाटीत असेल, तर सर तरी कशावर गुण देणार? आणि गणितात एक पायरी सुटली की पुढचं सगळं डोक्यावरून जातं. वेचणीला न्यायचंच असेल तर रविवारी न्या. गटातल्या बायांनी एकमेकींच्या वावरात आळीपाळीने हात लावला, तर पोरांना ओढावंही लागणार नाही.

"आम्हाला अक्षर येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?" असं पुष्कळ जणी म्हणतात. घेता येतो. भाकरी थापताना लेकराला जवळ बसवा आणि म्हणा, "आज काय शिकवलं ते पुस्तक मिटून सांग." झाडाच्या पानात अन्न कसं तयार होतं, हे ते सांगू लागेल. समजलं नाही तर "परत सांग" म्हणा. नुसतं वाचताना सगळं येतं असं वाटतं. सांगायला गेलं की कुठे अडतं ते त्याचं त्यालाच कळतं. मग ते उठून पुस्तक उघडतं, आणि खरा अभ्यास तिथे होतो. न शिकलेल्या आईला तर सगळं फोड करून सांगावं लागतं, म्हणून या कामाला तीच बरी, असं माझं मत आहे. (शेजारणीच्या मुलाचे टक्के मात्र तेव्हा काढू नका.)

शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत तो बंद होतो, आणि वाढीचं वय तर हेच. नुसता चहा पिऊन गेलेलं लेकरू शेवटच्या तासाला डुलक्या घेतं. भाकरी, भाजी, शेंगदाण्याची चटणी, असा डबा द्याच. रात्री आठ तास झोप हवी. मोबाइल त्या वेळी आईच्या उशाशी.

भाऊ अभ्यासाला बसतो तेव्हा बहीण भांडी घासते, हे घरोघरी आहे. भांडी वाटून द्या. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. गाडी शाळेच्या वेळेला येत नसेल तर गटाने मिळून आगारात अर्ज द्या.

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा देता येते. लगेच सोयरीक बघायला लागू नका. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे.

आणि घरात आठवीचं लेकरू असेल तर वर्गशिक्षकांना 'एनएमएमएस' शिष्यवृत्तीच्या परीक्षेबद्दल आत्ताच विचारा. सरकारी किंवा अनुदानित शाळा आणि वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये खात्यात येतात. अर्ज शाळेतूनच भरायचा असतो.