कापूर, लोखंड आणि सोनं

आरती झाली की ताटलीला धरलेली कापराची काजळी आपण पुसून टाकतो. प्रा. महेश्वर शेरॉन यांना मात्र त्या कापरात खजिना दिसला. कापरापासून फुलरीन, म्हणजे कार्बन अणूंचे पोकळ चेंडू, मिळतात हे मुंबईच्या आयआयटीतल्या त्यांच्या गटानं १९९४ साली प्रसिद्ध केलं. पुढे ते सोलापुरात वालचंद महाविद्यालयाच्या नॅनोतंत्रज्ञान केंद्रात आले.

कापरापासून कार्बनच्या नॅनोनळ्याही होतात, पण त्यासाठी सोबत धातू लागतो. कापराच्या वाफेबरोबर फेरोसीन हे लोखंडाचं संयुग सुमारे ९०० अंशांच्या भट्टीत सोडतात. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, कार्बन त्यांच्यात विरघळतो आणि मावेनासा झाला की नळीच्या रूपानं बाहेर पडू लागतो. लोखंड कार्बनला जवळ घेतं, पण कायमचं अडकवून ठेवत नाही. सोन्याचं कार्बनशी एवढं जमत नाही.

असं का? लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्या 'डी' नावाच्या इलेक्ट्रॉन-कक्षा अर्धवट भरलेल्या असतात आणि त्या कार्बनच्या इलेक्ट्रॉनांत मिसळतात. सोन्याच्या भरलेल्या. ग्राफीन ही कार्बनची एका अणूच्या जाडीची चादर (सोलापूरकरांनी हा शब्द तेवढा उसना द्यावा!). तिच्यापासून निकेल सुमारे ०.२१ नॅनोमीटरवर बसतं, तर सोनं ०.३३ वर. ग्रॅफाइटच्या दोन थरांतही जवळपास एवढंच अंतर असतं. म्हणजे सोनं चादरीला खेटून असूनही परकंच.

मग कार्बनला वीजजोड द्यायला निकेलच वापरावं? गंमत इथेच आहे. निकेलची मिठी इतकी घट्ट की ग्राफीनचं ज्या इलेक्ट्रॉनांसाठी कौतुक, तेच विस्कटतात. नॅनोनळीला वीजजोड द्यायचा तर नळीवर सलग पसरेल असा धातू हवा. सोन्याचे नुसते मणी बनतात; टायटॅनियम छान पसरतं. पण २००३ साली पॅलेडियमनं बाजी मारली. त्याच्या जोडांतून विद्युतप्रवाह जवळपास विनाअडथळा नळीत शिरला.

ऊर्जेच्या कामात तर धातूचा एकेक अणू सुटा बसवतात. लोखंडाच्या अणूला नुसता कार्बन धरून ठेवत नाही, म्हणून कार्बनच्या जाळीत चार नायट्रोजन पेरतात आणि त्यांच्या मधोमध लोखंड. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोखंडाभोवती असेच चार नायट्रोजन असतात आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच, प्राणवायू! इंधनघटातलं महागडं प्लॅटिनम हटवायला हा उमेदवार उभा आहे. आम्लात त्याचं लोखंड हळूहळू सुटतं, ही त्याच्या वाटेतली एक मोठी अडचण.