भिडू आणि जोडीदार

तालुक्याच्या सामन्यांना गेलं की शिक्षक मंडळींकडून एक तक्रार हमखास कानी येते. बास्केटबॉलच्या संघात दोन मुली जिवलग मैत्रिणी असतात. गुरुजी म्हणतात, "अहो, या दोघी चेंडू एकमेकींनाच देतात. बाकीच्या तिघी नुसत्या बघत उभ्या!" मग उपाय ठरलेला. दोघींची ताटातूट करायची, नाहीतर एकीला बाहेर बसवायचं. उपाय सोपा आहे, यात शंका नाही. पण तो बरोबर आहे का?

श्रोतेहो, या प्रश्नाकडे आज जरा लांबून पाहू. अमेरिकेत स्त्रिया हा खेळ पोटापाण्याचा धंदा म्हणून खेळतात. तिथल्या संघांत मैत्रिणी आहेत, तशाच एकमेकींशी रीतसर लग्न केलेल्या खेळाडूही आहेत. त्यांचा अनुभव काय सांगतो?

तिथल्या या स्पर्धेला थोडक्यात डब्ल्यू.एन.बी.ए. म्हणतात. तिची स्थापना १९९६ साली झाली आणि १९९७ च्या उन्हाळ्यात पहिला हंगाम खेळला गेला. एका संघात फार तर बारा जणी, त्यातल्या पाच मैदानात. सराव, प्रवास, मुक्काम, जेवण सगळं बरोबर. शिवाय पगार बेताचे असल्यामुळे अनेक खेळाडू उन्हाळा संपला की रशिया, तुर्कस्तान अशा परमुलखात जाऊन तिथल्या संघांतून खेळत. भाषा परकी, थंडी कडाक्याची, आणि आपलं म्हणावं असं माणूस म्हणजे संघातली भिडू. अशा ठिकाणी जिवाभावाचं नातं जुळलं तर नवल ते काय? कँडेस पार्कर या नामवंत खेळाडूला तिची जोडीदार अ‍ॅना पेट्राकोव्हा भेटली ती रशियातल्या येकातेरिनबर्गच्या संघातच. दोघींनी २०१९ साली लग्न केलं.

आता स्त्रीने स्त्रीशी लग्न केलं हे ऐकून कुणी दचकेलही. तिथेही ही गोष्ट उघडपणे बोलायला वेळ लागला. न्यूयॉर्कच्या स्यू विक्स यांनी २००२ साली, आणि ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेल्या शेरिल स्वूप्स यांनी २००५ साली आपल्या आयुष्यातली ही बाब जाहीरपणे सांगितली. पुढे २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांना देशभर मान्यता दिली. जे आधी झाकून ठेवावं लागे ते चारचौघांत आलं. आणि मग तुमच्या गुरुजींचाच प्रश्न तिथेही उभा राहिला: घरची माणसं मैदानात एकमेकींना झुकतं माप देणार नाहीत का?

याचं उत्तर शिकागोच्या संघात सापडतं. कोर्टनी व्हँडरस्लूट आणि अ‍ॅली क्विग्ली या तिथल्या दोन खेळाडू. त्यांचं लग्न २०१८ च्या डिसेंबरात झालं. व्हँडरस्लूटचं काम चेंडू पुढे नेऊन योग्य भिडूच्या हाती देण्याचं, आणि क्विग्लीचं काम लांबून नेम साधण्याचं. म्हणजे बायको पास देणार आणि बायकोच गुण करणार, असा मामला. १७ ऑक्टोबर २०२१ रोजी अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात शिकागोने फिनिक्सला ८० विरुद्ध ७४ असं हरवून अजिंक्यपद मिळवलं. त्या दिवशी क्विग्लीचे गुण होते २६. पण हिशेब करा: ८० मधून २६ गेले, म्हणजे ५४ गुण इतरांनी केले! व्हँडरस्लूटने त्या सामन्यात १५ वेळा असा पास दिला की पुढच्या खेळाडूने लगेच गुण केला. त्याच्या आधल्या वर्षी, २०२० साली, सबंध हंगामात सामन्यामागे सरासरी दहा असे पास देणारी ती या स्पर्धेतली पहिली खेळाडू ठरली होती. एकाच माणसाकडे बघणाऱ्या खेळाडूला हे साधणार नाही. समोरचा संघ असली सवय दोन मिनिटांत ओळखतो आणि वाट बंद करतो. चेंडू द्यायचा तो मोकळ्या भिडूला, मग ती घरची असो की परकी. जिला हे कळलं तिचं नातं संघाला ओझं होत नाही. उलट नजरेची खूण पुरते.

अर्थात सगळंच गोड असतं असं मी म्हणणार नाही. २०१५ साली वेगवेगळ्या संघांतल्या दोन प्रसिद्ध खेळाडूंच्या घरातलं भांडण हातघाईवर आलं आणि पोलिसांपर्यंत गेलं. स्पर्धेच्या चालकांनी दोघींनाही प्रत्येकी सात सामने खेळायला बंदी केली. नाव मोठं म्हणून कुणाला सूट मिळाली नाही. नातं हा गुन्हा नव्हे, पण नात्यातली मारहाण हा गुन्हाच, एवढा भेद त्यांनी केला.

मग खरी अडचण कुठे आहे? ती आहे बदलीत. शिक्षक बंधुभगिनींना हे वेगळं सांगायला नको. नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या टोकाला, आणि पती-पत्नी एकत्रीकरणाच्या अर्जाची वाट बघण्यात वर्षं जातात. तिथल्या खेळाडूंचं काहीसं असंच. करार चालू असताना संघाचे मालक खेळाडूची दुसऱ्या संघाशी अदलाबदल करू शकतात. करार संपला तर जिथे जागा आणि पैसा मिळेल तिथे जावं लागतं. अलिसा थॉमस आणि डीवाना बॉनर या दोघी कनेटिकटच्या संघात एकत्र खेळत. २०२३ साली त्यांनी लग्न ठरवल्याचं जाहीर केलं. २०२५ च्या आरंभी अदलाबदलीत थॉमस फिनिक्सला गेल्या आणि बॉनर यांनी इंडियानाच्या संघाशी करार केला. मध्ये अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. बॉनर तिथे नऊ सामने खेळल्या. जूनमध्ये तो करार सुटला आणि जुलैत त्या फिनिक्सच्या संघात दाखल झाल्या. त्याच वर्षी फिनिक्सने अंतिम फेरी गाठली. तिथे लास व्हेगासकडून हार झाली ही गोष्ट वेगळी. पण जोडी एकत्र आल्याने संघ बिघडला, असं काही दिसलं नाही.

दुसरी अडचण मुलाबाळांची. फिनिक्सच्या डायना टॉरासी यांनी आपली जुनी भिडू पेनी टेलर हिच्याशी २०१७ साली लग्न केलं. २०२१ साली उपान्त्य फेरीचा शेवटचा सामना ८ ऑक्टोबरला परगावी होता आणि टेलर घरी बाळंतपणाला टेकलेल्या. सामना जिंकून टॉरासी रातोरात घरी पोचल्या. ९ तारखेला मुलगी झाली आणि १० तारखेला अंतिम फेरी सुरू! दरसाल असं धावून कसं भागणार? म्हणून २०२० साली खेळाडूंच्या संघटनेने जो करार केला, त्यात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार आणि मूल असलेल्या खेळाडूला दोन खोल्यांचं बिऱ्हाड, अशी कलमं घालून घेतली. कमाल वेतनही सुमारे १,१७,५०० डॉलरवरून २,१५,००० डॉलरवर नेलं. ही मेहेरबानी नव्हती. खेळाडूलाही घर असतं, एवढंच त्यातून लेखी मान्य झालं.

आणि ताटातूट झाली म्हणजे नातं तुटतंच असंही नाही. टॉरासी आणि स्यू बर्ड या कॉलेजातल्या मैत्रिणी. २००२ साली त्यांच्या संघाने एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवलं. पुढे एक फिनिक्सला, दुसरी सिअ‍ॅटलला. वर्षानुवर्षं एकमेकींविरुद्ध त्वेषाने खेळल्या, आणि देशासाठी एकत्र येऊन २००४ पासून पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. मैत्री सामन्यापुरती बाजूला ठेवता येते, हे त्यांनी दाखवलं.

तेव्हा गुरुजी, तुमच्या त्या दोन मैत्रिणींना लगेच वेगळं करू नका. आधी त्यांना मोकळा भिडू कोण हे पाहायला शिकवा. सरावात एक नियम घालून बघा: जिने चेंडू दिला तिलाच तो लगेच परत द्यायचा नाही, मध्ये तिसरीचा हात लागलाच पाहिजे. पंधरा दिवस हे करा. कबड्डीत साखळी धरताना आपण हाताला हात जुळवतो तो जिच्यावर भरवसा आहे तिच्याशीच ना? दोघींपाशी तो भरवसा आयता आहे. तो बाकीच्या तिघींपर्यंत कसा पोचवायचा, एवढंच आपलं काम.