शेकोटी : अंगणातली आणि अंगणाबाहेरची

नागपूरच्या वायव्येस, सातपुड्याच्या कुशीत पांढुर्णा आणि सौंसर ही गावे आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा पट्टा मात्र मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्य कोणतेही असो, घराघरांत बोली मराठीच. शेतात कापूस आणि संत्री, आणि थंडी पडली की अंगणात शेकोटी.

शेकोटीची दुसरी बहीण म्हणजे आगटी. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या आणि निखाऱ्यावर हुरडा भाजायचा. हिंदीत अंगीठी, कन्नडमध्ये अग्गिष्टिके, मराठीत आगटी! आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांना या शब्दांतला अग्नी सहज ओळखू येईल.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शेकोटीवर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर अग्निविम्यात आहे. इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या विमा-कायद्यात आगीचे दोन प्रकार मानले जात. चुलीत, शेगडीत, म्हणजे जिथे असावी तिथे जळते ती मित्र आग, आणि ती जागा सोडून बाहेर पडते ती शत्रू आग. शेकोटीचे सारे शास्त्र एवढ्यातच आहे : मित्राला शत्रू होऊ द्यायचे नाही. आणि आमच्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण शेकोटीचे दिवस तेच कापूस घरात येण्याचे दिवस. भाव चढेल या आशेने शेतकरी ओसरीत, माजघरात कापूस भरून ठेवतो. त्यात एक ठिणगी शिरली तर ज्वाळा लगेच दिसेलच असे नाही. कापूस आतल्या आत धुमसत राहतो आणि घर झोपल्यावर पेटतो. विमा असला तरी तो झालेले नुकसान भरून देतो, नफा देत नाही. आणि विमाच नसेल तर वर्षाची कमाई राख!

म्हणून पहिली गोष्ट जागेची. घरापासून निदान दहा फूट अंतर हवे. कापूस, कडब्याची गंजी, कुटार किंवा गोठा जवळ असेल तर पंचवीस फूटही जास्त नाहीत. वर झाडाची फांदी किंवा विजेची तार नको. तीन फूट रुंद आणि फूटभर खोल खड्डा पुरेसा होतो. भोवतीचे गवत-पाचोळा काढून माती उघडी करावी. कडेला कोरड्या विटा लावाव्यात, नदीतले गोटे लावू नयेत. पांढुर्ण्याच्या जाम नदीचे गोटे गोटमारीमुळे प्रसिद्ध आहेतच, पण ओला गोटा तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो कोणी न फेकताही फुटून उडतो.

दुसरी गोष्ट सरपणाची. वाळलेले लाकूड आणि गोवऱ्या उत्तम. पऱ्हाटी भडकन पेटते आणि ठिणग्या उडवते, म्हणून ती थोडीथोडीच घालावी. वारा असेल त्या दिवशी शेकोटीच नको. पेट्रोल तर कधीही ओतू नये : त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच ओतणाऱ्याच्या पायाशीच भडका उडतो. प्लॅस्टिक, टायर, कीटकनाशकाचे रिकामे डबे यांचा धूर विषारी असतो. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली दिला आहे.

तिसरी गोष्ट माणसांची. शेकोटी पेटवण्याआधी पाण्याच्या दोन बादल्या आणि फावडे जवळ ठेवावे. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असे होऊ नये. लहान मुलांना तीन फूट दूर बसवावे, साडीचा पदर खोचावा, नायलॉनचे कपडे टाळावेत. कपड्यांनी पेट घेतलाच तर धावू नये, वाऱ्याने आग वाढते. जमिनीवर पडून लोळावे किंवा जाड सुती वा लोकरी घोंगडे गुंडाळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, तेल, शाई काही लावू नये. जखम मोठी असेल तर ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते. ‘विझली’ म्हणून माणसे उठतात, आणि आगीतून फुफाट्यात पडतात! फुफाटा म्हणजे तापलेली राख. ही राख निखाऱ्यावर गोधडीसारखी बसते आणि त्याची ऊब रात्रभर, कधी त्याहूनही अधिक काळ, टिकवून ठेवते. पहाटे वारा सुटला की तोच निखारा उडतो. यासाठी पाणी टाकावे, फावड्याने ढवळावे, पुन्हा पाणी टाकावे, चर्र आवाज थांबेपर्यंत. मग राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावी. ऊब लागली तर काम अपुरे आहे. अशी राख उकिरड्यावर टाकू नये.

काही घरांत उरलेले निखारे घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि माणसाला वाटते की उबेमुळेच झोप येत आहे. त्या झोपेतून कित्येक जण उठत नाहीत. थंडीला दुसरी गोधडी चालेल, निखारा नको.

शेकोटीभोवती जेवढ्या गप्पा रंगतात तेवढ्या चहाच्या टपरीवरही रंगत नाहीत. ती जरूर पेटवावी. मात्र गप्पा संपल्यावर सर्वांत शेवटी कोण उठणार आणि पाणी कोण टाकणार, हे काडी ओढण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.