विद्यापीठीय संकुल : उद्दिष्ट, सामर्थ्य आणि मराठीचा अभ्यास

विद्यापीठाच्या संदर्भात 'विभाग' आणि 'संकुल' या दोन संज्ञा पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. नांदेडच्या विद्यापीठात 'संकुल' हा शब्द रूढ आहे, जळगावच्या विद्यापीठात 'प्रशाळा' हा शब्द स्वीकारला गेला आहे. संज्ञा कोणतीही असो, तिच्यामागे ज्ञानव्यवहाराविषयीची एक निश्चित भूमिका आहे. विभागाची उभारणी एका विषयाभोवती होते. संकुलाची उभारणी परस्परांशी निगडित असलेल्या अनेक विषयांच्या संबंधाभोवती होते. विभाग विषयाची सीमा राखतो, तर संकुलाने ती ओलांडण्याची सोय करावी अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा मराठीच्या अभ्यासाच्या दृष्टीने कितपत फलदायी ठरते, याचा विचार अगत्याचा आहे.

या रचनेची पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाने एकविषयी विभागांऐवजी अभ्यास-संकुलांची योजना केली. युरोपीय अभ्यास, आफ्रिकी आणि आशियाई अभ्यास अशा व्यापक क्षेत्रांत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांना एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. पुढे त्या रचनेत बदल झाले, तरी तिच्यामागील विचाराचा प्रभाव दूरवर पोहोचला. भारतात १९६६ च्या कायद्यान्वये आणि १९६९ पासून प्रत्यक्षात आलेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने संकुल आणि त्याअंतर्गत केंद्रे अशी रचना अंगीकारली. तेथील भारतीय भाषा केंद्रात हिंदी आणि उर्दू या दोन भाषांचा अभ्यास एकाच छत्राखाली आला. अन्यत्र या भाषांचे विभाग बहुधा स्वतंत्र असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या योजनेतील वेगळेपण स्पष्ट होते. याच विद्यापीठात २०२५ मध्ये कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा, साहित्य आणि संस्कृती यांचे विशेष केंद्र सुरू झाले.

महाराष्ट्रात या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होय. औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन १७ सप्टेंबर १९९४ रोजी ते अस्तित्वात आले. डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले कुलगुरू. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठी वाचकांना साक्षेपाने परिचय करून देणारा अभ्यासक या पदावर होता, ही बाब सूचक आहे. या विद्यापीठातील 'भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुल' या नावातच त्याचे उद्दिष्ट सामावलेले आहे. भाषेपासून वाङ्मय आणि वाङ्मयापासून संस्कृती अलग काढता येत नाही, असे हे नाव सांगते. नांदेडचा परिसर तेलुगू आणि कन्नड भाषाप्रदेशांना लागून आहे आणि उर्दूचाही येथे दीर्घकाळ वावर आहे. नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत आणि शीख परंपरेचे एक प्रमुख तीर्थ नांदेड येथेच आहे. अशा प्रदेशातील बोली, लोकगीते, संतपरंपरा यांचा अभ्यास केवळ मराठीच्या चौकटीत राहून पूर्ण होणे अवघड आहे. येथे संकुलाचे उद्दिष्ट परिसराच्या स्वरूपातूनच सिद्ध होते.

तथापि ही गरज केवळ सीमाभागापुरती मर्यादित नाही. 'लीळाचरित्रा'चे उदाहरण घ्यावे. तेराव्या शतकातील या ग्रंथाच्या आकलनासाठी हस्तलिखितांच्या पाठभेदांची चिकित्सा आवश्यक असते. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांचे ज्ञान लागते. यादवकालीन समाज, ग्रामनामे, खानपान, धर्मपंथ यांची माहिती लागते. केवळ साहित्यसमीक्षेची परिभाषा येथे अपुरी पडते. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात भाषेच्या अभ्यासाला पुराभिलेखविद्येची जोड दिली. त्यांनी धर्मेतिहासाच्या अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासह सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) हा ग्रंथ दैवतविज्ञान, स्थलपुराणे, मूर्तिविचार आणि संतवाङ्मय यांच्या संगमावर उभा आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) लिहून महाभारताकडे पाहण्याची नवी दृष्टी मराठीला दिली. गणितज्ञ दा. ध. कोसंबी यांनी पुणे परिसरातील मातृदेवतांची स्थाने आणि प्राचीन मार्ग यांचा संबंध शोधला.

या उदाहरणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. विषयांच्या सीमा ओलांडणारे संशोधन मराठीला नवे नाही, परंतु ते प्रामुख्याने व्यक्तिगत व्यासंगाच्या बळावर झाले. असा व्यासंग एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आपोआप संक्रमित होत नाही. जे असामान्य व्यक्तीला एकाकी परिश्रमाने साधले, ते सामान्य परंतु जिज्ञासू विद्यार्थ्याला शिक्षणक्रमातून साधता यावे, हे संकुलाचे खरे उद्दिष्ट मानले पाहिजे.

संकुलाचे सामर्थ्य मुख्यतः तीन बाबींत आहे. पहिली बाब अभ्यासक्रमाची. मराठीच्या विद्यार्थ्याला भाषाविज्ञान, लोकसाहित्य, अनुवाद, तौलनिक साहित्य यांतील पाठ्यक्रम अन्य विषयांच्या विद्यार्थ्यांसह शिकता येतात आणि त्यांचे श्रेयांकही मिळतात. दुसरी बाब संशोधनाची. शाहिरी वाङ्मयावर काम करणाऱ्याला इतिहासाच्या आणि संगीताच्या जाणकाराचे मार्गदर्शन मिळू शकते. तिसरी बाब साधनांची. ग्रंथालय, ध्वनिमुद्रणाची सोय, हस्तलिखितांचा संग्रह या गोष्टी एकेका लहान विभागाला परवडत नाहीत, त्या एकत्रितपणे उभारता येतात.

या रचनेतील धोकेही दुर्लक्षून चालणार नाहीत. शिक्षकांची पदे रिक्त असताना अनेक विषय एका नावाखाली आणले गेले, तर ते एकत्रीकरण केवळ प्रशासकीय काटकसर ठरते. अशा वेळी मराठी हा स्वतंत्र परंपरा असलेला विषय न राहता संकुलातील एक उपशाखा होण्याचा संभव असतो. 'संस्कृती अभ्यास' या व्यापक नावाखाली संहितेचे बारकाईने वाचन, व्याकरण, छंद, पाठचिकित्सा ही मूलभूत शिस्त शिथिल झाली, तर आंतरविद्याशाखीयतेच्या नावाने उथळपणा फोफावतो. ज्याला आपल्या विषयाची भूमी पक्की ठाऊक नाही, त्याला सीमा ओलांडण्यात काही अर्थ उरत नाही. तुळपुळे किंवा ढेरे यांचे कार्य टिकाऊ ठरले, कारण त्यांचे पाय मराठी संहितेत घट्ट रोवलेले होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. अभिजाततेचा अभ्यास म्हणजे ताम्रपट, शिलालेख, महाराष्ट्री प्राकृत आणि प्राचीन गद्य यांचा अभ्यास होय. त्यासाठी प्राकृतचा, पुरातत्त्वाचा आणि मराठीचा अध्यापक एका मेजाभोवती बसणे अपरिहार्य आहे.

म्हणून संकुलाचे मूल्यमापन इमारतीच्या भव्यतेवरून किंवा त्यातील विषयांच्या संख्येवरून करता येणार नाही. मराठीचा विद्यार्थी शेजारच्या विषयाचा किमान एक पाठ्यक्रम गांभीर्याने पूर्ण करतो काय, दोन विषयांचे अध्यापक मिळून एखाद्या प्रबंधाला मार्गदर्शन करतात काय आणि हे सर्व होत असताना जुन्या पोथीचे एक पान अचूक वाचू शकणारा विद्यार्थी तेथून बाहेर पडतो काय, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच 'संकुल' हा शब्द सार्थ ठरेल. अन्यथा जुन्या विभागांच्या दारांवर नवी पाटी लागली, एवढाच त्याचा अर्थ राहील.