चार इंचांचा घाट

दसरा उलटला की आमच्या घरात चकलीच्या भाजणीचा वास दरवळू लागतो, असा आजवरचा शिरस्ता. गेल्या वर्षी मात्र भाजणीच्या जोडीला ग्रीसचा वास आला. सौभाग्यवतींनी दोन दिवस नुसते नाक मुरडले. तिसऱ्या दिवशी मला उभे करून विचारले, "तुमच्या चिरंजिवांनी माझी धान्याची खोली कारखान्याला दिली आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक होते. किंबहुना त्या अपराधात माझ्या दोन पगारांचा सहभाग होता. पण कॉलेजात तास-तासभर बोलणारा मराठीचा अधिव्याख्याता स्वतःच्या घरात फारसा बोलत नसतो. मी एवढेच म्हणालो, "पाहतो."

पाहिले ते असे. खाचा असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या जोडून केलेली बाजेएवढी चौकट. तिच्यावर अकोल्याच्या भंगारातून आणलेली मोटारीची खुर्ची. पुढे स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल, समोर भला मोठा पडदा. आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार उभे खांब, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक वीजेची मोटार. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ लावायचा, आणि पडद्यावरची गाडी जशी हिसके खाईल तशी या खुर्चीनेही हिसके खायचे, अशी ती योजना. एंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने हे घरी करावे का, असा प्रश्न मी विचारला तेव्हा त्याने कॅप्टन अमोल यादवांचे नाव सांगितले. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. "त्यांनी विमान बांधलं बाबा, मी खुर्ची हलवतोय फक्त." या युक्तिवादापुढे मी पगार ठेवला.

खांबांचे काम मात्र अमरावतीत झाले नाही. त्यासाठी आम्ही अकोल्याला गेलो. तिथे सौभाग्यवतींच्या बंधूंचे लेथचे दुकान आहे. दालमिलचे रोलर, शाफ्ट आणि बुशिंग यांवर त्यांचा प्रपंच चालतो. अमरावतीहून अकोल्याला जायचे म्हणजे पूर्वी पाठीची परीक्षा असे. मूर्तिजापूर येईपर्यंत मणके मोजून घ्यावेत असा तो रस्ता. त्याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी पट्टा अखंड टाकून जागतिक विक्रम झाला. यंदा आम्ही त्या गुळगुळीत रस्त्याने गेलो तेव्हा चिरंजीव हिरमुसले. "खड्डे असते तर मापं घेता आली असती," म्हणाले!

शालकांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि मान डोलावली. खांबाच्या पोटात एक १६ मिलिमीटर जाडीचा स्क्रू. त्याच्या आट्यांतून पोलादी गोळ्या फिरतात, म्हणून घर्षण जवळजवळ नाही. स्क्रू एकदा फिरला की खालचा दांडा ५ मिलिमीटर सरकतो. मोटार ७५० वॉटची, मिनिटाला ३००० फेरे घेणारी. म्हणजे दांडा सेकंदाला २५ सेंटिमीटर या वेगाने धावू शकतो. पण धावायला अंगण किती? अवघे १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच. एरवी दांडा मध्यावर उभा असतो. दोन इंच वर, दोन इंच खाली, एवढेच त्याचे जग. चारी दांडे मिळून लांबले तर खुर्ची उचलली जाते. पुढचे दोन आखडले तर नाक खाली जाते. डावे दोन लांबले तर ती उजवीकडे कलते. खेळातली गाडी काय करते आहे याचे आकडे संगणक दर क्षणी बाहेर पाठवतो, आणि काडेपेटीहून थोडी मोठी आर्डुइनोची एक पाटी ते आकडे मोटारींना समजतील अशा हुकमांत बदलते.

शालक आमचे अस्सल वऱ्हाडी. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "जवाईबापू, मसीन हालवनं सोपं हाये. तिले थांबवनं भल्लं कठीन. लाल बटन आंदी बसवा, मंग बाकीचं."

हे वाक्य किती मोलाचे होते ते पहिल्याच दिवशी कळले. एका मोटारीच्या तारा आम्हीच उलट जोडल्या होत्या. तीन खांब वर निघाले, चौथा खाली. खुर्चीने अशी काही गिरकी मारली की गव्हाची कोठी आडवी झाली. लाल बटण हाताशी होते म्हणून तेवढ्यावरच भागले. दुसऱ्या दिवशी ऐन रंगात वीज गेली. मला वाटले, खुर्ची धाडकन आपटणार. पण ती एखाद्या दमलेल्या म्हशीसारखी सावकाश खाली बसली. साधा आट्यांचा स्क्रू असता तर तो जागीच अडकला असता. गोळ्यांचा स्क्रू माणसाच्या वजनानेच उलटा फिरत खाली येतो. चौकटीला अर्थिंग तर हवेच हवे. ते चिरंजिवांनी दोनदा तपासले आणि सौभाग्यवतींनी तिसऱ्यांदा तपासायला लावले.

आता वाचकांच्या मनात जी शंका आली असेल ती माझ्याही मनात आली होती. चार इंच हलणाऱ्या खुर्चीत माणसाला मैलोगणती प्रवासाचा भास व्हावा कसा?

याचे उत्तर आपल्या कानात आहे. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोके वळले की त्यांतले पाणी मागे राहते आणि आपल्याला वळल्याचे कळते. त्यांच्या शेजारी कॅल्शियमचे अतिसूक्ष्म खडे चिकट पडद्यावर पसरलेले असतात. आपण पुढे खेचलो गेलो की ते मागे ओढले जातात. पण गंमत अशी, की या यंत्रणेला वेग मुळी कळतच नाही. तिला कळतो तो वेगातला बदल. आगगाडी एकदा वेगात आली की डोळे मिटून बसलेल्या माणसाला ती पुढे चालली आहे की मागे, हे सांगता येणार नाही. धक्का लागतो तो सुटताना आणि थांबताना. तेव्हा खुर्चीने सुरुवातीचा हिसका तेवढा द्यायचा आणि मग शरीराला चाहूल लागू न देता हळूच मध्यावर परत यायचे, पुढच्या हिसक्यासाठी. ब्रेक दाबून धरल्याचा लांबलेला भास हवा असेल तर नाक खाली झुकवून ठेवायचे. कानातल्या खड्यांना झुकणे आणि खेचले जाणे यांतला फरक ओळखता येत नाही. आमचे पुढचे-मागचे खांब १२० सेंटिमीटर अंतरावर. त्यांच्या उंचीत १० सेंटिमीटरचा फरक पडला की शरीराच्या वजनाचा बारावा हिस्सा पुढे ओढू लागतो. बाकीचे अकरा हिस्से डोळे आणि कल्पना मिळून भरून काढतात.

ही युक्ती आजची नव्हे. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकणे खर्चाचे, म्हणून या पोराने १९२९ साली ऑर्गनचे भाते लावून जमिनीवरच डुलणारे छोटे विमान केले. आपल्या पेटीला असतो तोच भाता! आरंभी ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीला खपले. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याची कामगिरी आली. खराब हवेत कित्येक जण प्राणांस मुकले, आणि मग लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे सहा पायांवर सहाही दिशांना हलणारी यंत्रे आली. १९५४ साली बर्मिंगहॅममध्ये डनलॉपच्या एरिक गॉ यांनी टायर तपासण्यासाठी असे यंत्र चालू केले होते, आणि १९६५ साली स्ट्युअर्ट यांनी वैमानिकांच्या शिक्षणासाठी तशाच मंचाची कल्पना मांडली. आमच्या बेलोऱ्याच्या विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून पहिले नियमित विमान उतरले, आणि तिथे वैमानिकांची शाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्येच जाहीर केले आहे. त्या विद्येची धाकटी बहीण आमच्या धान्याच्या खोलीत नांदत होती म्हणायची.

पण ती नांदत नव्हती. कारण तीत बसणारा प्रत्येक जण पाचव्या मिनिटाला उठून मोरीकडे धावे. पहिला मान माझा. डोळे एक सांगतात आणि कान दुसरे, असे झाले की पोट दोघांवरही रागावते. चिरंजीव पंधरा दिवस आकडे बदलत राहिले. हिसके कडक वाटतात म्हणून त्यांनी ते गुळगुळीत केले. फिके वाटतात म्हणून मोठे केले. मळमळ काही जाईना.

या सगळ्याकडे एक माणूस दारातून मुकाट्याने पाहत असे. ते आमचे आबा.

आबांनी ३१ वर्षे एस. टी. चालवली. त्यांतली पुष्कळशी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात. निवृत्तीनंतर त्यांची स्कूटर होती. सकाळी दूध, संध्याकाळी मंडई, अधूनमधून जुन्या सोबत्यांना भेटायला डेपो. गेल्या पोळ्याच्या सुमारास एका पहाटे अंथरुणातून उठताना त्यांच्याभोवती घर फिरले. डॉक्टर म्हणाले, कानातले ते सूक्ष्म खडे जागचे सुटून नळीत गेले आहेत. त्यांनी आबांचे डोके ठरावीक क्रमाने इकडून तिकडे वळवले. तीन खेपांत भोवळ थांबली. "महिनाभर गाडी नको, मग हरकत नाही," असे ते म्हणाले होते. महिना उलटून दोन महिने झाले. खुंटीवरची किल्ली मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली होती. ती तिथेच राहिली. आबांनी मागितली नाही, मी दिली नाही. ते दुधाला पायी जाऊ लागले. घरात सगळे म्हणाले, बरे झाले, वय झाले आता.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी आबा खोलीत आले आणि नातवाला म्हणाले, "मी बसू काय रे?"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते हसले; म्हणाले, पाच मिनिटे बसू द्या, गरगरले तर लगेच उतरवा. लाल बटणावर हात ठेवून मी उभा राहिलो. चिरंजिवांनी मालमोटारीचा खेळ लावला. रस्ता ब्रिटनमधला निवडला, कारण तिथे आपल्यासारखे डावीकडून चालवतात. आबांनी खुर्ची पुढे ओढली, आरशाच्या जागी कोणी नसताना आरसा पाहिला, आणि गाडी सुटली. डोंगरातली दोन वळणे झाली. तिसऱ्या वळणाला त्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला आणि म्हणाले, "हे खोटं बोलते."

"काय झालं आबा?"

"धक्का उशिरा येते. डोये आंदी पायते, बूड मांगून हालते. खऱ्या गाडीत बुडाले आंदी समजते, मंग डोयाले. आन् एवढी कलत नसते गाडी. एवढी कलली असती तं पाशिंजर उतरून पायी गेले असते!"

चिरंजीव क्षणभर गप्प झाले, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. हिसके गुळगुळीत करण्यासाठी संगणक दर वेळी मागच्या अनेक आकड्यांची सरासरी काढीत होता. सरासरी जितकी लांब, तितका हिसका मागे पडत होता. त्यांनी ती जवळजवळ काढून टाकली आणि हालचाल निम्म्यावर आणली. आबा पुन्हा बसले. थोडे कमी, थोडे जास्त, असे करीत तासभर त्या दोघांचे चालले. मध्ये मध्ये आबा उतरून पाणी पीत. खडबडीत रस्त्याची थरथर किती हवी हेही त्यांनीच ठरवले. शेवटी म्हणाले, "आता घाट आला." मग मी बसलो. वीस मिनिटे चालवली आणि मोरीकडे गेलो नाही.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. ३१ वर्षांचा घाट त्या माणसाच्या अंगात होता, आणि त्याला भोवळ येणे थांबल्याचे सर्वांत आधी त्याच्याच अंगाला कळले असणार. ते आम्ही विचारले मात्र नव्हते. भोवळ आली तो हिसका आम्हांला जाणवला. पुढचे दोन महिने ते रोज सरळ पावलांनी दूध आणत होते, ते जाणवले नाही. कानासारखेच आमचेही झाले होते.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी खणातून किल्ली काढली आणि खुंटीला अडकवली. आबा अंघोळ करून आले. त्यांनी खुंटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "लागली तं घेईन."

आणि दुधाची पिशवी घेऊन पायीच निघाले. दुपारी सौभाग्यवतींना पूजेसाठी झेंडूची फुले कमी पडली. मी उठेपर्यंत अंगणात स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला होता.