‘मागच्या खेपेस काही झाले नव्हते’

इंजेक्शन घेतल्यावर कोणताही त्रास झाला, की आपण ‘रिॲक्शन आली’ असे म्हणून मोकळे होतो. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. निरनिराळे खर्च एकाच खात्यात मांडले तर हिशेब चुकतो, एवढे मला कळते. येथे तर प्रश्न जिवाचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दुष्परिणाम. लस टोचल्यावर दंड दुखतो, अंगात कणकण येते. हा त्रास अपेक्षितच असतो व एकदोन दिवसांत ओसरतो. दुसरी गोष्ट घेरी. सुईच्या धास्तीने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो व माणूस कोसळतो. आडवे निजवून पाय उंच ठेवले, की तो बहुधा लवकरच सावरतो.

तिसरी गोष्ट ॲलर्जी. येथे शरीराची संरक्षक यंत्रणाच औषधाला शत्रू समजते. एकदा औषध पोटात वा रक्तात गेले, की काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात; बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. पुढे तेच औषध आले, की हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम सुटतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. फ्रान्समधील पोर्टिए व रिशे यांनी १९०२ मध्ये हेच दाखविले. समुद्रफुलाच्या विषाच्या पहिल्या मात्रेतून वाचलेले कुत्रे काही आठवड्यांनंतरच्या अल्प मात्रेने दगावले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ‘मागच्या खेपेस काही झाले नव्हते’ ही हमी नव्हे. पेनिसिलिनच्या बाबतीत तर हे विशेष लक्षात ठेवावे.

अशा वेळी मुख्य औषध ॲड्रिनॅलिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत विनाविलंब द्यावे लागते. तीव्र ॲलर्जी बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. २०२१ मध्ये कोविडच्या लसीनंतर आपल्याला केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवीत, ते याचसाठी. म्हणून सुई टोचून घेताच बस पकडण्याची घाई करू नये.

आणि एखादे औषध सोसत नसेल, तर त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावे. आपल्या भागात डॉक्टर कन्नड बोलतील वा मराठी; औषधाचे नाव दोन्ही भाषांत एकच असते.