गाड्यांविना अकरा मैल

आपल्यापैकी अनेकांच्या गराजमध्ये एखादी सायकल धूळ खात पडलेली असते. कारण आळस नव्हे, तर भरधाव गाड्यांची भीती. या भीतीवरचा उतारा अटलांटाहून मोटारीने सुमारे चार तासांवर, टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये आहे. तिथल्या केड्स कोव्ह खोऱ्यातला ११ मैलांचा एकेरी डांबरी रस्ता मे ते सप्टेंबर दर बुधवारी मोटारींना बंद असतो.

रस्ता सपाट नाही. दोन-तीन चढांवर मी खाली उतरून सायकल ढकलली. लहान मुले बरोबर असल्यास स्पार्क्स लेनच्या कच्च्या वाटेने वळावे, फेरी साधारण ४ मैलांत आटोपते. हेल्मेट आणि पाणी विसरू नये. अस्वल दिसल्यास किमान ५० यार्ड दूर राहावे.

खर्च बेताचा. प्रवेश मोफत, १५ मिनिटांहून जास्त वेळ गाडी उभी करण्यासाठी मात्र पार्किंग टॅग लागतो. २०२३ साली तो दिवसाला ५ डॉलर दराने सुरू झाला. सायकली तिथे भाड्याने मिळतात.

हृदयविकार आपल्या लोकांना तुलनेने लवकर गाठतो, म्हणून आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हवाच. एका बुधवारने ते भागणार नाही, पण भीड चेपेल. पुढे दर शनिवारी घराजवळची सिल्व्हर कॉमेट ट्रेल आहेच. तिथेही मोटारी नाहीत!